मासळी न लागलेला रांजण

मांडव्याहून निघालेली बोट गेटवेकडे जाताना साधारण मध्यावर एक जागा येते, जिथे दोन्ही किनारे पुसट होतात. मागची माडांची रेघ विरलेली असते आणि पुढच्या इमारती अजून उगवलेल्या नसतात. हिवाळ्याच्या सकाळी तिथे पाणी आणि आकाश एकाच राखी निळ्या रंगाचं होतं. बोटीच्या इंजिनाचा आवाज सोडला तर सगळं झोपेत असल्यासारखं वाटतं. माझ्या संशोधनाची सुरुवात कुठे झाली असं कुणी विचारलं, तर मी माझ्या जुन्या प्रयोगशाळेचं नाव सांगते. पण मनात येते ती ही जागा. मांडीवर थर्माकोलची पेटी, तिच्यात बाबांच्या होडीवरचा बर्फ, बर्फात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले नारिंगी स्पंज, आणि मी बावीस-तेवीस वर्षांची, पेटीवर दोन्ही हात ठेवून बसलेली, जणू आत काहीतरी श्वास घेत होतं.

आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. बाबांची एक लहान होडी होती आणि आई बोंबील सुकवून विकायची. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या असायच्या, त्यांच्यावर तोंडात तोंड अडकवलेल्या बोंबलांच्या माळा वाऱ्यावर हलायच्या, आणि त्यांच्या सावलीत बसून मी अभ्यास करायचे. शाळा गावातलीच. विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींकडे उपकरणं म्हणून काही नव्हतं. एकदा त्यांनी हिरड्याची पूड पाण्यात उकळून आणली, तिच्यात गंजलेला खिळा टाकला आणि आम्हाला नुसतं बघत बसायला सांगितलं. पिवळट पाण्यात निळसर काळा ढग उतरत गेला. त्या शाईने त्यांनी प्रत्येकाला आपलं नाव लिहायला लावलं. मला वाटतं, मी रसायनशास्त्रज्ञ झाले ती त्या दुपारी. बाकी सगळं त्यानंतर रांगेत आलं.

मुंबईत पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला तेव्हा माझे मार्गदर्शक म्हणाले, "तुझ्या गावाजवळ असं काय आहे, जे आजवर कुणी बाटलीत घालून तपासलं नाही?" मी विचार करून सांगितलं की बाबांच्या जाळ्यात खडपाजवळ, पाण्यातल्या खडकांपाशी, कधीकधी नारिंगी स्पंज येतो, आणि तो गदळ म्हणून परत पाण्यात टाकतात. सर खुर्चीत पुढे सरकले. "तो गदळ घेऊन ये."

ते बोलायला सोपं होतं. आमच्याकडे बाईमाणसाने मासेमारीच्या होडीवर चढायचं नाही. माझी आजी चढली नाही, आई चढली नाही. मी बाबांना दोनदा विनवलं. दुसऱ्या वेळी त्यांनी जाळं विणता विणता मान वर न करता सांगितलं, "तू म्हणशील तो कचरा मी आणीन, बाय. पर होडीला पाय लावू नको. माझे खलाशी उतरून जातील."

म्हणून काम तिघांत वाटलं गेलं. बाबा स्पंज आणायचे, बहुतेक बुधवारी किंवा गुरुवारी. आई तो सांभाळायची. मी शनिवारी संध्याकाळी यायचे आणि रविवारच्या पहिल्या बोटीने पेटी घेऊन परत जायचे. होडीवर आमच्या नमुन्यांना 'बायचा कचरा' असं नाव पडलं होतं. खलाशी हाक मारून विचारायचे, "आज बायचा कचरा हाय का न्हाय?" आणि बाबा म्हणायचे, "हाय. पापलेटापेक्षा नीट ठेवा. तो शिकलेला हाय."

आईला मी सूचना कागदावर लिहून दिल्या होत्या. तिला वाचता येत होतं, सावकाश, बोट ठेवून. स्पंज समुद्राच्या पाण्यात ठेवायचा. पाणी रोज बदलायचं. उन्हात ठेवायचा नाही. आणि शेवटची सूचना मी अधोरेखित केली होती: मासळीचा अजिबात स्पर्श होऊ द्यायचा नाही. शनिवारी मी पोचायचे तेव्हा आईने पेटी भरून, दोरीने बांधून ओटीवर ठेवलेली असायची. मला फक्त उचलायची असायची. आपल्यासाठी कुणीतरी इतकं चोख काम करून ठेवलं आहे, या विचाराने मला भरून यायचं.

मग त्या स्पंजाचा अर्क निघाला, अर्काचे भाग पडले, भागांचे उपभाग पडले. औषधी रसायनशास्त्रातलं आयुष्य बरंचसं असं असतं: काचेच्या नळीतून रंगाचे पट्टे उतरताना बघत बसायचं. पिवळा, त्यामागून फिकट तपकिरी, मग काहीच नाही, मग पुन्हा पिवळा. दुपारी खिडकीतून ऊन यायचं आणि त्या नळ्या मला गावच्या संध्याकाळसारख्या दिसायच्या. शेवटी एका कुपीत थोडीशी पांढरट पूड उरली. शरीरात सूज वाढवणारं एक एन्झाइम आहे. त्या पुडीने ते एन्झाइम जवळजवळ पूर्ण थांबवलं.

सरांनी निकाल पाहिला आणि म्हणाले, "पुन्हा कर. अगदी पहिल्यापासून."

मी गावी निरोप धाडला. बाबांनी पुन्हा स्पंज आणला. आईला मी बजावलं, "आये, सगळं मागच्यासारखंच कर. एक गोष्ट बदलू नकोस." निकाल तोच आला. तिसऱ्यांदाही तोच आला. तीन वेळा तोच निकाल म्हणजे सत्य, असं मला तेव्हा वाटत होतं. त्या रेणूची रचना आम्ही उलगडली, पेपर लिहिला, तो परदेशातल्या चांगल्या नियतकालिकात छापून आला. शेवटी आभाराच्या ओळीत मी आईवडिलांचे आभार मानले, नमुने गोळा करून सांभाळल्याबद्दल. तेवढं एक पान आईने प्लास्टिकमध्ये घालून देवांच्या फोटोंशेजारी लावलं. इंग्रजीतली ती ओळ कुठे आहे, हे तिला पाठ होतं. पाहुण्यांना ती बोट ठेवून दाखवायची.

त्या पेपरने मला पुढची सगळी दारं उघडून दिली. नोकरी, माझी स्वतःची लहान प्रयोगशाळा, परिषदांची निमंत्रणं. पुढे मी पुष्कळ काम केलं. एकेका रेणूला इथे एक कार्बन लावायचा, तिथला एक ऑक्सिजन काढायचा आणि बघायचं. त्यातले बहुतेक रेणू काहीच करत नाहीत आणि कुपीवर आपलं नाव घेऊन निमूट झोपून राहतात. माझे इतर पेपर लोकांनी अधूनमधून वाचले असतील. पण स्पंजाचा तो पहिला पेपर लोक वापरतच राहिले. कुणी आपल्या लेखात त्याचा संदर्भ दिला की मला ईमेल यायचा. कोरियातून, ब्राझीलमधून, एकदा तर एका अशा गावातून, जे मला नकाशात शोधावं लागलं. चहा घेताना मी ते ईमेल पत्रांसारखे उघडायचे.

हे सगळं काय असतं ते आईला समजावण्याचा मी प्रयत्न केला होता. "म्हणजे बघ, दुसरा कुणी लिहीत असतो, आणि लिहिता लिहिता तो आपली आठवण काढतो. अमक्याने हे आधी केलंय, असं म्हणतो."

आईने बोंबील उलटे करता करता ऐकलं. "म्हंजे उचकी."

"कसली उचकी?"

"कुणी आठवण काढली का उचकी लागते ना? तशी. तुला तर उचक्यांवर उचक्या लागत असतील."

तेव्हापासून आमच्या घरात संदर्भाला उचकी हाच शब्द झाला. फोन केला की ती आधी जेवलीस का विचारायची आणि मग, "या महिन्यात किती उचक्या?" बाबा गेले त्या वर्षीही, दिवस-कार्य आटोपल्यावर तिने तेच विचारलं होतं. मला वाटतं, तिला काहीतरी चालू असलेलं ऐकायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी मला एका मुलीचा ईमेल आला. ती आतल्या भागातल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करत होती. आमचा रेणू तिने प्रयोगशाळेत बनवला होता, स्पंजाशिवाय, साध्या रसायनांपासून सुरुवात करून. हे फार कष्टाचं काम असतं. तिने लिहिलं होतं की रचना तंतोतंत जुळते, पण एन्झाइमवर काही परिणाम दिसत नाही. काय चुकत असेल?

मी तिला जे उत्तर पाठवलं, ते आठवलं की अजून माझे कान तापतात. एन्झाइम ताजं वापरा, तापमान तपासा, द्रावण फार जुनं नाही ना ते पहा. नव्या विद्यार्थ्याला सांगावं तसं. शुभेच्छा देऊन मी तो विषय मनातून काढून टाकला.

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. आवाज फार बारीक होता. "मॅडम, मी तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. सहा वेळा केलं."

"मग?"

"काहीच होत नाही. आमचे सर म्हणतात, मॅडमचा पेपर इतक्या लोकांनी वापरलाय, तूच काहीतरी चुकीचं बनवलंयस. आणि हे जुळल्याशिवाय ते प्रबंध पुढे जाऊ देत नाहीत." मग ती घाईने म्हणाली, "मॅडम, मी तुमचा पेपर पाठ केलाय. आमच्याकडे पण घरात कुणी शिकलेलं नाही. मी तुमच्या चुका काढत नाही आहे."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. मला माहीत काहीच नव्हतं.

तिने तिच्या रेणूचे आलेख पाठवले होते. मी माझे जुने कागद काढले आणि दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले. शिखरं एकमेकांवर बसत होती. एवढाच फरक होता की माझ्या आलेखात खाली तळाशी एक रुंद, पुसट फुगवटा होता, भरतीच्या आधी पाणी वर येतं तसा. तिच्या आलेखात तळरेषा सपाट होती. तो फुगवटा मला आठवत होता. तेव्हा मी त्याच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं: दमटपणा असावा. माझंच अक्षर, गोल, आज्ञाधारक.

जुन्या नमुन्याची एक कुपी फ्रीझरमध्ये शिल्लक होती. एवढी वर्षं मी ती देवाच्या अंगाऱ्यासारखी जपली होती. दुपारी प्रयोगशाळेत जेवणाची सुट्टी होती, कुणी नव्हतं. मी चिमटीपेक्षा कमी पूड पाण्यात सोडली. काय शोधायचं याचा अंदाज मला खरं तर एव्हाना आला होता, पण हात मुद्दाम सावकाश चालत होते. मग लोहक्षाराच्या द्रावणाचा एक थेंब टाकला.

निळसर काळा ढग उतरला. अगदी सावकाश, लाजत आल्यासारखा. मी पुन्हा गावच्या शाळेत बाकावर बसलेली होते, आणि गुरुजी म्हणत होते, नुसतं बघत बसा.

ते टॅनिन होतं. हिरड्यात, आवळ्यात, झाडांच्या सालीत जो तुरटपणा असतो, तोच. टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला चिकटून बसतं. एन्झाइम हेही प्रथिनच. त्यामुळे कुठल्याही एन्झाइमवर टॅनिन टाकलं की ते थांबतं आणि नवशिक्याला वाटतं, औषध सापडलं. हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवतो. जे सगळ्यांनाच धरतं ते औषध नव्हे, हे वाक्य मीच फळ्यावर लिहीत आले आहे. टॅनिन वेगळं करून मी तोच नमुना पुन्हा तपासला. ती मुलगी बरोबर होती. आमचा स्पंजातला रेणू खरा होता, सुंदर होता आणि काहीही करत नव्हता.

पण समुद्रातल्या स्पंजात झाडांतलं टॅनिन आलं कुठून? तेही तीनही वेळा?

मी आईला फोन लावला.

"आये, तो स्पंज तू कशात ठेवायचीस?"

"कंचा स्पंज?"

"बायचा कचरा."

"तो व्हय." ती हसली. "रांजणात."

"कुठल्या रांजणात?"

"मागल्या दारचा न्हाय का, तुझा आजा जाळी बुडवायचा तो. तुझ्या बाबानं पण बुडवली, नायलॉन येईपर्यंत."

माझ्या डोळ्यांसमोर तो रांजण उभा राहिला. परसातल्या विहिरीजवळ, मानेपर्यंत काळपट तांबडा. पूर्वी जाळी सुताची असायची आणि खाऱ्या पाण्यात लवकर कुजायची. म्हणून ऐनाची साल उकळून तो लालभडक काढा रांजणात ओतायचे आणि जाळी त्यात दिवसचे दिवस मुरवायचे. सालीने सूत घट्ट व्हायचं. दोन पिढ्यांचा काढा त्या मातीने पिऊन ठेवला होता.

"पर त्याच्यातच का ठेवलंस?" मी विचारलं.

"तू लिवलं होतंस ना, मासळी लागता कामा नये म्हणून. आपल्या घरात मासळी न लागलेलं भांडं सांग कंचं? तेवढा एक रांजण. त्याच्यात जाळी पण कोरी बुडवायची, दर्यात जायच्या आदी. मी घासून घेतला होता राखेनं, तीनदा." मग तिच्या आवाजात शंका आली. "का गो? काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "असंच आठवलं."

मी फोन ठेवला. बाहेर कुणीतरी बाटल्या धूत होतं, आणि त्या पाण्याच्या आवाजात मला आई दिसत होती. एक एक भांडं उचलून वास घेणारी, बाजूला ठेवणारी, शेवटी परसात जाणारी. घरातलं सगळ्यात शुद्ध भांडं तिने माझ्यासाठी निवडलं होतं. आणि मी शनिवारी यायचे, बांधलेली पेटी उचलायचे. कशात ठेवलं होतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

आता काय करायचं, याला खरं तर दोन उत्तरं नव्हती. पेपर मागे घ्यायचा. पण ते लगेच केलं असं मी म्हटलं तर खोटं होईल. आठ-दहा दिवस मी दुसरी कामं करत राहिले. पेपर मागे घेतला म्हणजे नावापुढे 'मागे घेतलेला' अशी खूण कायमची राहणार. नोकरी, प्रयोगशाळा, सगळं ज्या पायरीवरून चढले तीच काढून घ्यायची. लोक म्हणणार, कोळ्याची पोर, तिला काय कळतंय. असं कुणीही म्हणालं नसतं कदाचित. पण मला ते ऐकू येत होतं. आणि मध्येच त्या मुलीचा बारीकसा आवाज ऐकू यायचा, सहा वेळा केलं.

मी माझ्या सरांना भेटायला गेले. ते निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, कानाला यंत्र आहे, पण डोकं तसंच. त्यांचंही नाव त्या पेपरवर होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही आलेख उजेडात धरले आणि तळाशी बोट नेलं.

"हा फुगवटा मीही पाहिला होता," ते म्हणाले.

"मग?"

"मलाही तो दमटपणाच हवा होता." त्यांनी कागद खाली ठेवले. "लिही. आणि नुसतं नमुना दूषित होता असं लिहू नकोस. कशामुळे झाला ते लिही. तुझ्यासारखी आणखी पोरं कोळ्यांकडून नमुने घेत असतील. त्यांना रांजण माहीत असला पाहिजे."

म्हणजे रांजण लिहायचा. आणि रांजण लिहायचा तर आईला सांगायला हवं होतं. आभाराच्या त्या ओळीखाली तिने आयुष्यातला एवढा मोठा काळ काढला होता. ती ओळ मी तिच्या मागे कशी पुसणार?

मी शनिवारी गेले, पूर्वीसारखीच. बोटीवर ती जागा आली. किनारे पुसट झाले, बगळ्यासारखे पांढरे पक्षी बोटीमागून तरंगत येत होते आणि लोक त्यांना वेफर्स टाकत होते. माझी मांडी रिकामी होती. मला वाटलं, बोट इथेच थांबली तर बरं, मागे गाव नाही, पुढे शहर नाही, काही सांगायचं नाही. पण माडांची रेघ हळूहळू वर आली.

आई ओटीवर सुके बोंबील निवडत होती. मी तिला काही न सांगता परसात गेले. रांजण तिथेच होता, आता त्यात पालापाचोळा. तो मी बाहेर काढला, विहिरीचं चार कळशा पाणी आत ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका काचेच्या पेल्यात ते पाणी घेऊन आईसमोर ठेवलं. फिक्कट चहासारखं दिसत होतं. घरातला गंजका खिळा मी आधीच लिंबाच्या रसात बुडवून ठेवला होता. त्यातले काही थेंब टाकून ढवळलं.

आई वाकून बघत राहिली. पाणी आधी मळकट झालं आणि मग त्यात निळसर काळी छटा उतरली.

"शाई," ती म्हणाली.

"हो. गुरुजी करायचे ती."

मग मी सांगितलं. साल, टॅनिन, एन्झाइम, ती मुलगी. मला जमेल तितकं सोपं करून. रांजणाच्या मातीत अजूनही काढा आहे, तो स्पंजात उतरला, आणि जे आपल्याला औषध वाटलं तो हा काढा होता. माझ्या सगळ्या उचक्या त्या काढ्याच्या होत्या. बोलताना मी तिच्याकडे बघत नव्हते.

आईने बोंबलाचं एक डोकं मोडलं, टोपलीत टाकलं, दुसरा घेतला. 

"तवा का न्हाय इचारलंस?" शेवटी ती म्हणाली.

"काय?"

"कशात ठेवते म्हणून. येत व्हतीस, पेटी उचलत व्हतीस, जात व्हतीस. एकदा म्हणलीस का, आये, दाखव? मी दाखवला असता."

"नाही विचारलं."

"आणि वर म्हणलीस, सगळं मागच्यासारखंच कर. मी केलं. तिन्ही बारीला केलं. माझी चूक न्हाय."

"तुझी नाहीच आहे, आये. माझी आहे."

"व्हय," ती म्हणाली. तिचं समाधान झालेलं दिसलं. मग थोड्या वेळाने, "त्या पोरीला कळवलंस?"

"आज कळवते."

"आज? किती दिस झाले तुला कळून?"

मी दिवस सांगितले. आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती मासळीच्या बाजारात वजनात हात मारणाऱ्याकडे बघायची. "जा. आदी फोन कर. बोंबील काय पळून जात न्हाईत."

मी वलांड्यांपाशी जाऊन त्या मुलीला फोन केला. तुझं बरोबर आहे, असं म्हणाले. माझा नमुना अशुद्ध होता. मी तसं लिहून पाठवते आहे आणि तुझ्या सरांनाही आजच कळवते.   मग ती म्हणाली, "मॅडम, मी बाहेर येऊन बोलू का? इथे सगळे आहेत." आणि बाहेर आल्यावर ती नुसती रडत होती. मी फोन कानाला लावून उभी राहिले. वाऱ्यावर बोंबलांच्या माळा हलत होत्या, त्यांच्या सावल्या वाळूवर मागेपुढे सरकत होत्या.

मागे घेण्याची सूचना मी त्या दुपारी ओटीवर बसून लिहिली. सुती जाळ्यांसाठी सालीचा काढा मुरवण्याच्या मातीच्या भांड्यात नमुने साठवले होते, ही माहिती पहिल्या लेखिकेने तेव्हा घेतली नाही, असं त्यात लिहिलं. आईने मला ते मराठीत वाचून दाखवायला लावलं.

"आजाचा रांजण असं का न्हाय लिवलंस?"

"तसं लिहीत नाहीत."

"तिकडल्या लोकांना कळेल कसा मंग?"

मी हसले. भिंतीवरचं ते प्लास्टिकमधलं पान काढायला उठले, तर ती ओरडली, "त्याला हात लावू नको. ह्यो नवा कागद आला का त्याच्या बाजूला लाव. तो बी आपला, ह्यो बी आपला." आणि तसे ते दोन्ही आज देवांशेजारी आहेत. नव्या कागदावर आपली ओळ कुठे आहे तेही तिने विचारून पाठ केलं आहे. पाहुण्यांना ती आधी जुनी दाखवते, मग नवी, आणि मग परसात नेऊन रांजण.

खूण माझ्या नावापुढे आली. काही निमंत्रणं यायची थांबली. काही जणांनी फार चांगली पत्रं लिहिली, त्यात एकाने कबूल केलं होतं की त्यानेही तो प्रयोग करून पाहिला होता, फसला होता, आणि त्याने गप्प राहणं पसंत केलं होतं. संदर्भांचे ईमेल मात्र येईनासे झाले. चहाच्या वेळी सवयीने हात तिकडे जायचा. आई फोनवर जेवलीस का एवढंच विचारायची, पुढचं विचारत नव्हती. ती मला सांभाळून घेते आहे हे मला कळत होतं.

या हिवाळ्यात एका सकाळी मी पुन्हा मांडव्याच्या बोटीत होते, गावाकडे जाणाऱ्या. किनारे नुकतेच पुसट झाले होते आणि फोनला रेंज येत-जात होती. तेवढ्यात तो ओळखीचा ईमेल आला. त्या मुलीचा पहिला पेपर छापून आला होता. तो रेणू कसा बनवावा आणि तो काय करत नाही, याविषयी. संदर्भांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आमचा पेपर नव्हता. तो मागे घेतल्याची आमची सूचना होती.

घरी पोचल्यावर मी आईला सांगितलं. "आये, उचकी लागली."

ती विहिरीवर हात धूत होती. "किती?"

"एक."

"त्या पोरीची?"

"हो."

तिने पदराला हात पुसले, कळशीतून तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला. "मंग पाणी पी," ती म्हणाली, आणि वलांड्यांकडे निघून गेली.